परस्परसंवादी आज्ञाभाषेतील उपआज्ञा आणि आर्ग्युमेंट : 'जीडीबी'च्या भाषेची चिकित्सा

बीजसंज्ञा : आज्ञा, उपआज्ञा, आर्ग्युमेंट, संक्षेप, अध्याहार, डीबगर, आज्ञाभाषा

प्रास्ताविक :

संगणकाच्या एखाद्या आज्ञावलीचे मूल्यमापन करताना ती कोणते काम करते, किती वेगाने करते आणि कितपत बिनचूक करते, एवढाच विचार सहसा होतो. वापरणाऱ्याने तिच्याशी कोणत्या भाषेत बोलावयाचे, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. माउसवर चालणाऱ्या आज्ञावलींच्या बाबतीत तो तसा मानला तरी फारसे बिघडत नाही. कारण तेथे जे जे करणे शक्य आहे त्याची बटणे आणि याद्या पडद्यावर मांडलेल्या असतात. कमांड लाइनवर यांपैकी काहीच नसते. एक लहानशी खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारा कर्सर, एवढाच तेथील संसार. काय बोलता येईल हे वापरणाऱ्याने आधीच जाणलेले असावे लागते. म्हणून अशा आज्ञावलीची भाषा हा तिचा बाह्य अलंकार राहत नाही, तर तिच्या गुणदोषांच्या विचारात त्या भाषेचे व्याकरणही तपासावे लागते.

कमांड लाइनवरील आज्ञावलींचे दोन वर्ग सरळ दिसतात. पहिल्या वर्गातील आज्ञावली एकदा हाक मारली की काम करून संपते. तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शेलने ओळीचे तुकडे केलेले असतात. अवतरणचिन्हे कोठे उघडली व कोठे मिटली याचा निवाडा शेल करून टाकतो. दुसऱ्या वर्गातील आज्ञावली मात्र सुरू झाल्यावर तासन् तास संवाद करीत राहते. ती ओळ स्वतः वाचते, स्वतः तोडते आणि स्वतःच तिचा अर्थ लावते. आधी काय सांगितले गेले हेही तिच्या लक्षात असते. शेलची मध्यस्थी संपली की व्याकरणाची सर्व जबाबदारी तिच्यावर येते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या वर्गातील एका प्रसिद्ध आज्ञावलीचा, म्हणजे 'जीडीबी' या डीबगरचा, या एकाच अंगाने विचार केला आहे.

'जीडीबी' ही रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी लिहिली. सी व तत्सम भाषांत लिहिलेली आज्ञावली चालता चालता मध्येच थांबवणे, त्या क्षणी तिच्या चलांत कोणती मूल्ये आहेत ते पाहणे, ती मूल्ये बदलणे आणि एक एक पाऊल पुढे जाणे, ही तिची कामे होत. जेथे थांबावयाचे त्या जागेला 'ब्रेकपॉइंट' म्हणतात. जवळजवळ चाळीस वर्षे वापरात असलेल्या या साधनाची आज्ञाभाषा एका बैठकीत रचलेली नाही. तिच्यात थर आहेत, आणि म्हणूनच ती अभ्यासास योग्य आहे.

दोन शब्दकोश :

'इन्फो ब्रेकपॉइंट्स' या आज्ञेत 'इन्फो' ही मुख्य आज्ञा आणि 'ब्रेकपॉइंट्स' ही उपआज्ञा. 'डिलीट ३' यात 'डिलीट' ही आज्ञा आणि '३' हे आर्ग्युमेंट. ओळीवर दोन्ही ठिकाणी पहिल्या शब्दापुढे दुसरा शब्द येतो, आणि दिसण्यात काहीही फरक नाही. फरक आहे तो त्या दुसऱ्या शब्दाच्या मालकीत. उपआज्ञा आज्ञावलीच्या स्वतःच्या शब्दकोशातून येते. तो मर्यादित असतो, त्याची यादी छापता येते, आणि शब्द अर्धवट लिहिला तरी तो पूर्ण करता येतो. आर्ग्युमेंट वापरणाऱ्याच्या जगातून येते. चलाचे नाव, फाइलचे नाव, एखादे सूत्र, यांना सीमा नाही, आणि आज्ञावलीने त्यांविषयी आधी काही ठरवलेले नसते. या दोन शब्दकोशांमधील सीमारेषा कोठे आहे आणि ती ओळीवर दिसते काय, हा प्रस्तुत चिकित्सेचा मूळ प्रश्न आहे.

उपआज्ञांच्या बाजूने पाहता 'जीडीबी'ची रचना कौतुकास पात्र ठरते. तपासल्या जाणाऱ्या आज्ञावलीची स्थिती विचारावयाची तर 'इन्फो'. डीबगरची स्वतःची मांडणी विचारावयाची तर 'शो'. ती बदलावयाची तर 'सेट'. तीन क्रियापदे आणि प्रत्येकाखाली उपआज्ञांची शाखा. कोणतेही नाव इतरांपासून वेगळे ओळखू येईल इतके लिहिले की पुरते. 'इन्फो लोकल्स' असे पूर्ण न लिहिता 'आय एलओ' एवढी अक्षरे दिली तरी काम होते. टॅबची कळ दाबली की उरलेली अक्षरे भरली जातात, आणि पर्याय अनेक असल्यास त्यांची यादी मिळते. 'एस' हे अक्षर अनेक आज्ञांच्या आरंभी येत असले तरी ते 'स्टेप'साठी मुद्दाम राखून ठेवले आहे; कारण पाऊल टाकण्याची आज्ञा दिवसभरात शेकडो वेळा द्यावी लागते. हा नियमभंग व्यवहाराच्या बाजूने केलेला आहे आणि तो योग्यच म्हणावा लागेल.

मात्र वृक्षाच्या दोन फांद्यांवर एकच नाव आले की अर्थाची खात्री राहत नाही. 'इन्फो आर्ग्ज' म्हटले की सध्याच्या फंक्शनला मिळालेली आर्ग्युमेंट दिसतात. 'शो आर्ग्ज' म्हटले की तपासली जाणारी आज्ञावली सुरू करताना तिला जी आर्ग्युमेंट द्यावयाची आहेत ती दिसतात. 'इन्फो' आज्ञावलीविषयी आणि 'शो' डीबगरविषयी, हा भेद मनात पक्का असणाऱ्यासही हे नाव क्षणभर अडवते. आज्ञावली सुरू करतानाची आर्ग्युमेंट ही तिचीच स्थिती नव्हे काय, असा प्रश्न त्याला पडू शकतो. डीबगरच्या दृष्टीने ती त्याच्याजवळ ठेवलेली एक नोंद आहे, हे उत्तर तर्काला धरून आहे. पण ते शिकणाऱ्याच्या तर्काला धरून नाही.

'सेट'ची द्व्यर्थता :

वरील दोन शब्दकोशांची गाठ जेथे प्रत्यक्ष पडते ती आज्ञा 'सेट' होय. तिला दोन कामे दिलेली आहेत. 'सेट'पुढे डीबगरच्या एखाद्या मांडणीचे नाव आले तर ती मांडणी बदलते. पुढील शब्द अशा नावांत न बसल्यास उरलेली ओळ हे एक सूत्र समजून त्याचे मूल्य काढले जाते; म्हणून 'सेट एक्स=३' असे लिहिले की तपासल्या जाणाऱ्या आज्ञावलीतील 'एक्स' या चलात ३ हे मूल्य जाते. सोय म्हणून हे आकर्षक आहे. मात्र वापरणाऱ्याच्या चलाचे नाव आणि डीबगरच्या मांडणीचे नाव एकच निघाले तर काय होते, याचे उत्तर 'जीडीबी'च्या अधिकृत मॅन्युअलनेच दिले आहे.

तेथील पहिले उदाहरण 'विड्थ' या चलाचे आहे. वापरणाऱ्याच्या आज्ञावलीत या नावाचे चल आहे आणि ओळीची रुंदी ठरवणारी 'सेट विड्थ' ही उपआज्ञाही आहे. 'सेट विड्थ=४७' असे लिहिल्यावर डीबगर आपली उपआज्ञा ओळखतो, पुढील '=४७' हा तुकडा तिला अंक म्हणून समजत नाही, आणि सूत्राची रचना चुकल्याचा संदेश येतो. संदेश नेमका नसला तरी काहीतरी चुकले एवढे कळते. दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. चलाचे नाव इंग्रजी 'जी' हे एकच अक्षर आहे आणि त्यात १ हे मूल्य आहे. 'सेट जी=४' असे लिहिले जाते. कोणताही संदेश येत नाही. चलाचे मूल्य पाहिले तर ते १ च आहे. घडलेले असते ते असे : 'जी' हा 'जीएनयूटार्गेट' या मांडणीचा संक्षेप म्हणून स्वीकारला जातो आणि त्या मांडणीत '=४' ही निरर्थक अक्षरे जाऊन बसतात. दोष उघड होतो तो आज्ञावली पुन्हा सुरू करताना, जेव्हा डीबगर त्याच फाइलला वाचण्यास नकार देतो. मॅन्युअल यावर 'सेट व्हेरिएबल' ही निःसंदिग्ध उपआज्ञा, अथवा तिचा 'सेट व्हार' हा संक्षेप, वापरण्याचा सल्ला देते.

या उदाहरणाचा अर्थ मॅन्युअलने सुचवलेल्या दक्षतेपुरता मर्यादित नाही. 'सेट' आणि त्यापुढे एक अक्षर, बरोबरीचे चिन्ह व अंक, या एकाच आकाराच्या ओळीचे तीन अर्थ संभवतात. त्या अक्षराने सुरू होणारी एकही मांडणी नसेल तर चल बदलते. नेमकी एक असेल तर मांडणी बदलते आणि चल तसेच राहते. एकाहून अधिक असतील तर संदिग्धतेची तक्रार येते. तिन्हींपैकी कोणता अर्थ लागू होईल हे ओळीत कोठेही लिहिलेले नसते. ते त्या आवृत्तीतील मांडण्यांच्या यादीवर ठरते. यातून एक विपरीत परिणाम निघतो. डीबगरमध्ये नव्या मांडण्यांची भर पडली की कालपर्यंत चल बदलणारी ओळ आज मुकाट्याने दुसरेच काही करू शकते. आणि त्याच अक्षराची आणखी एक मांडणी आली की तीच ओळ तक्रार करू लागते. आज्ञावलीच्या वाढीबरोबर जुन्या वाक्यांचे अर्थ सरकतात. संक्षेपाची सोय आणि अनोळखी शब्दाला सूत्र मानण्याची सोय, या दोन्ही स्वतंत्रपणे निरुपद्रवी आहेत. एकाच आज्ञेत त्या एकत्र आल्यामुळे हा प्रकार घडतो.

इतर एखाद्या साधनात अशी चूक त्रासदायक म्हणून सोडून देता आली असती. डीबगरच्या बाबतीत तसे करता येत नाही. डीबगर हाती घेणारा मनुष्य आपल्या आज्ञावलीविषयी आधीच साशंक असतो. ती जे करते आहे असे वाटते ते ती खरोखर करते काय, याची साक्ष काढण्यासाठीच तो आलेला असतो. 'जी'चे मूल्य बदलल्यावर आज्ञावली कशी वागते ते पाहावयाचे आणि मूल्य मुळात बदललेलेच नाही, अशा स्थितीत मिळालेली साक्ष खोटी असते. अनुभवी मनुष्य मूल्य पुन्हा छापून पाहील. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दोष आपल्याच आज्ञावलीत शोधत बसेल, आणि जो दोष तेथे नाही तो शोधण्यात त्याची दुपार जाईल.

अध्याहाराचे अर्थ :

मराठी व्याकरणात जो शब्द वाक्यात उच्चारलेला नसतो पण अर्थात गृहीत असतो, त्याला अध्याहृत म्हणतात. 'आलास का?' या वाक्यात 'तू' अध्याहृत आहे, आणि क्रियापदाचे रूपच तो पुरवते. आज्ञाभाषेतही अध्याहार असतो. आर्ग्युमेंट न देता आज्ञा दिली की आज्ञावलीने ते मनाने भरावे लागते. प्रश्न एवढाच की कशाच्या आधारे भरावे.

'जीडीबी'त 'स्टेप' एकटी आली तर तिचा अर्थ एकदा. 'लिस्ट' एकटी आली तर पुढील दहा ओळी. 'रन' एकटी आली तर मागील वेळी दिलेलीच आर्ग्युमेंट पुन्हा. 'सेट आर्ग्ज' एकटी आली तर उलट, काहीच आर्ग्युमेंट नाहीत. 'ब्रेक' एकटी आली तर यापुढे जी सूचना चालावयाची आहे ती जागा. 'डिलीट' एकटी आली तर सर्व ब्रेकपॉइंट. येथे मौनाचे सहा अर्थ झाले : एक, पुढील, पूर्वीचे, काही नाही, येथे, आणि सर्व. यांतील प्रत्येक अर्थ त्या त्या आज्ञेपुरता समंजस आहे, हे मान्य केले पाहिजे. 'लिस्ट'ने सर्व ओळी छापल्या असत्या तर ते कोणालाच नको होते. तथापि एका आज्ञेवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. त्यातही 'डिलीट'ने मौनाचा अर्थ 'सर्व' असा घ्यावा, ही निवड बचाव करण्यास कठीण आहे. ज्या आज्ञेचा परिणाम माघारी घेता येत नाही, तिने मौनाचा अर्थ सर्वांत लहान घ्यावयास हवा होता. बाजूलाच 'क्लिअर' ही आज्ञा आहे; तीही ब्रेकपॉइंट काढते, पण एकटी आली तर फक्त पुढे चालावयाच्या सूचनेवरचे. दोन जवळच्या क्रियापदांपैकी एकीचे मौन संयमी आणि दुसरीचे सर्वसंहारक, हे शिकणाऱ्याने कसे ताडावे?

'डिलीट' अमलात आणण्यापूर्वी डीबगर खात्री करून घेतो, हे खरे. परंतु ही खात्री फक्त समोर बसलेल्या माणसाकडून करून घेतली जाते. तीच ओळ आज्ञांच्या फाइलमधून आली तर प्रश्न न विचारता अमलात येते, कारण फाइलमधील ओळीला उत्तर देणारा कोणी नसतो. म्हणजे ओळीचा परिणाम ती कोणी उच्चारली यावरही ठरतो. त्यात आणखी एक सवय मिसळते : रिकामी ओळ दिली की मागील आज्ञा पुन्हा चालते. 'स्टेप'साठी ती अमोल आहे. 'लिस्ट' व स्मृती दाखवणारी 'एक्स' या आज्ञा तर रिकाम्या ओळीवर जशाच्या तशा न चालता पुढचा भाग दाखवतात, ही बारकाईची रचना आहे आणि 'जीडीबी'च्या भाषेतील सर्वांत सुंदर गोष्टींत तिची गणना करावी लागेल. 'रन'सारख्या आज्ञांना मात्र ही पुनरावृत्ती लागू होत नाही. आज्ञावली नकळत पुन्हा सुरू होणे परवडणारे नसते. येथे रचनाकारांनी परिणामाचे वजन पाहिले. 'डिलीट'च्या मौनाविषयी तेच वजन पाहिलेले दिसत नाही.

आकड्यांचीही गत निराळी नाही. 'स्टेप ५' म्हणजे पाच वेळा, 'डिलीट ५' म्हणजे पाचव्या क्रमांकाचा ब्रेकपॉइंट, 'ब्रेक ५' म्हणजे पाचवी ओळ, 'लिस्ट ५' म्हणजे पाचव्या ओळीच्या आसपासचा भाग, आणि 'कंटिन्यू ५' म्हणजे ज्या ब्रेकपॉइंटवर थांबलो तो पुढील चार वेळा दुर्लक्षावा. पाचाचा आकडा तोच. त्याचे कारक वेगळे. मराठीत कारक दाखवण्यास विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आहेत. 'पाच वेळा', 'पाचव्याला', 'पाचव्या ओळीवर' असे म्हटले की संशय राहत नाही, आणि शब्दांचा क्रम फिरवला तरी नाती तुटत नाहीत. आज्ञाभाषेत प्रत्ययांचे हे काम नाव दिलेली आर्ग्युमेंट करतात. 'जीडीबी'त त्याचा उत्तम नमुना 'ब्रेक' या आज्ञेतच आहे : जागेपुढे 'इफ' लिहून अट देता येते, आणि 'थ्रेड' लिहून कोणत्या धाग्यापुरते थांबावयाचे ते सांगता येते. 'इफ' आणि 'थ्रेड' हे येथे प्रत्ययांसारखे आहेत. ओळ लांब झाली तरी ती वाचता येते, आणि महिन्यानंतर फाइलमध्ये सापडली तरी समजते.

उरलेली ओळ :

हे वैचित्र्य कोणाच्या लहरीतून आलेले नाही; त्याचे मूळ आतील रचनेत सापडते. 'जीडीबी'मध्ये ओळीच्या आरंभीचे शब्द एका सामाईक यंत्रणेकडून तपासले जातात. ती आज्ञांच्या वृक्षात उतरत जाते, संक्षेप सोडवते, संदिग्धता पकडते, आणि शेवटच्या ओळखलेल्या शब्दाशी थांबते. त्यानंतर त्या आज्ञेचे सी भाषेतील फंक्शन बोलावले जाते आणि त्याच्या हाती दोनच गोष्टी दिल्या जातात : उरलेली ओळ, जशी आहे तशी, आणि ती ओळ समोरच्या माणसाने दिली की अन्य मार्गाने आली हे सांगणारा एक अंक. ओळीत काही उरलेच नसेल तर फंक्शनला शून्य निर्देश मिळतो, आणि त्या शून्याचा अर्थ ज्याचे त्याने लावावयाचा असतो. मौनाचे सहा अर्थ येथून निघतात. २००९ मधील ७.० या आवृत्तीपासून पायथनमध्ये नव्या आज्ञा लिहिता येऊ लागल्या. तेथेही आज्ञेला आर्ग्युमेंट मिळते ते एक अखंड अक्षरमाला म्हणून आणि सोबत तोच अंक. तुकडे करण्यासाठी एक सहायक फंक्शन दिलेले आहे, पण ते वापरणे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

थोडक्यात, उपआज्ञांना एक व्याकरण आहे आणि आर्ग्युमेंटांना जितक्या आज्ञा तितकी व्याकरणे आहेत. एकाच बैठकीत 'रन'पुढील मजकूर शेलच्या नियमांनी वाचला जातो, 'प्रिंट'पुढील मजकूर सी भाषेच्या सूत्राप्रमाणे, 'ब्रेक'पुढील मजकूर जागा दाखवण्याच्या खास नियमांनी, आणि 'एको'पुढील मजकूर जवळजवळ जसाच्या तसा. अवतरणचिन्हाचा अर्थ दर ओळीला बदलतो.

यावर टीका करणे सोपे आहे. पण टीकाकाराने थोडे थांबले पाहिजे. एकसमान व्याकरण असलेल्या आज्ञाभाषेचा आदर्श इतिहासात होऊन गेला आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची 'टॉप्स-२०' ही कार्यप्रणाली १९७६ मध्ये आली. ती बीबीएन या संस्थेच्या 'टेनेक्स'वरून विकसित झाली होती. तिच्यात आज्ञा वाचण्याचे काम आज्ञावलींवर न सोडता कार्यप्रणालीने स्वतःकडे घेतले होते. आज्ञावलीने केवळ सांगावयाचे की आता एखादा ठरावीक शब्द हवा, आता अंक, आता फाइलचे नाव, आता ओळीचा शेवट. वापरणाऱ्याने कोठेही प्रश्नचिन्ह दाबले की त्या ठिकाणी काय अपेक्षित आहे ते पडद्यावर येई. एस्केपची कळ दाबली की शब्द पूर्ण होई आणि पुढे कंसात 'पासून', 'कडे' अशा अर्थाचे मार्गदर्शक शब्द उमटत. त्या शब्दांना आज्ञेच्या अर्थात स्थान नव्हते; ते केवळ नाते दाखवत. विभक्तिप्रत्ययांचे काम यंत्राने स्वतःहून करून दाखवण्याचा तो प्रयत्न होता, आणि नंतरच्या अनेक साधनांत तशी तत्परता आढळत नाही.

तरीही 'टॉप्स-२०'ची पद्धत 'जीडीबी'ला जशीच्या तशी पुरली नसती. अंक, फाइल, तारीख हे प्रकार आधी ठरवता येतात. 'प्रिंट'पुढे येते ते सी, सी++, फोर्ट्रान अथवा अन्य भाषेतील कोणतेही सूत्र. त्या भाषेचे व्याकरण डीबगरच्या आज्ञाव्याकरणात मावणारे नाही. परक्या भाषेतील अवतरण देताना आपल्या भाषेचे शुद्धलेखन त्यावर लादता येत नाही, तसेच हे आहे. उरलेली ओळ अखंड पुढे देणे यात आळस नव्हता. डीबगरच्या कामाचीच ती मागणी होती. दोष आहे तो अवतरण कोठे सुरू झाले हे सांगणारी खूण ठेवली नाही याचा. 'प्रिंट'मध्ये क्रियापद संपले की सूत्र सुरू, हे निश्चित होते. म्हणून तेथे बराच काळ अडचण आली नाही. 'सेट'मध्ये क्रियापदानंतर आपला शब्द येईल की परका, हे अनिश्चित ठेवले गेले.

हा दोष 'जीडीबी'पुरताच असता तर त्याची चर्चा इतक्या विस्ताराने करण्याचे कारण नव्हते. पायथनचा स्वतःचा डीबगर 'पीडीबी' पाहावा. तो पायथनच्या 'सीएमडी' या मॉड्यूलवर उभारला आहे. परस्परसंवादी आज्ञावली लिहिण्यासाठी असलेल्या या मॉड्यूलची रचना तीच : पहिला शब्द आज्ञा, उरलेली ओळ अक्षरमाला म्हणून त्या आज्ञेच्या फंक्शनकडे, आणि रिकामी ओळ आली की मागील आज्ञा पुन्हा. 'पीडीबी'ला न ओळखता आलेली ओळ पायथनचे विधान समजली जाते. 'एन' या नावाचे चल असलेल्याने ते पाहण्यासाठी 'एन' लिहिले की चल दिसत नाही, आज्ञावली एक ओळ पुढे सरकते. कारण 'एन' हा 'नेक्स्ट'चा संक्षेप आहे. ते टाळण्यासाठी 'पी एन' असे लिहावे अथवा आरंभी उद्गारचिन्ह द्यावे लागते. येथे चूक 'सेट जी=४' इतकी गुप्त नाही, पण किंमत जास्त आहे : सरकलेली ओळ मागे आणता येत नाही. भाषा वेगळी, रचनाकार वेगळे, आणि तरी खळगा त्याच जागी आहे. जाता जाता नोंदवावयाचे ते असे की, आर्ग्युमेंटांची शिस्त आणण्यासाठी पायथनचे 'आर्गपार्स' हे मॉड्यूल अशा आज्ञावलीत आणून बसवले तर निराळीच आपत्ती येते. ते एकदाच चालून संपणाऱ्या आज्ञावलींसाठी घडवलेले असल्यामुळे आर्ग्युमेंट चुकले की संदेश छापून संपूर्ण आज्ञावलीच बंद करते. संवादात एक शब्द चुकला म्हणून समोरच्याने उठून निघून जावे, तसा हा प्रकार. ३.९ या आवृत्तीत, २०२० मध्ये, हे वर्तन थांबवण्याची सोय आली.

सीमेची खूण :

'जीडीबी'च्या पुढील आवृत्त्यांत सीमारेषा आखण्याचे प्रयत्न झालेले दिसतात. २०२० च्या आरंभी आलेल्या ९.१ या आवृत्तीत 'प्रिंट'सारख्या आज्ञांना जोडरेघेने सुरू होणारे पर्याय देता येऊ लागले, आणि त्यासाठी सामाईक यंत्रणा घातली गेली. लगेच जुना प्रश्न उभा राहिला, कारण सी भाषेतील सूत्रही उणे चिन्हाने सुरू होऊ शकते. 'प्रिंट'पुढील उणे चिन्ह व अक्षर हा पर्यायाचा संक्षेप की चलाचे ऋण मूल्य? यावर घेतलेला निर्णय असा : पर्याय द्यावयाचे असतील तर त्यांच्यानंतर दुहेरी जोडरेघ देणे बंधनकारक, ती नसेल तर सर्व ओळ सूत्रच मानली जाईल. 'सेट'च्या वेळी जे केले नाही ते येथे केले गेले. नवी सोय हवी असणाऱ्यावर खुणेचा भार टाकला, जुन्या वाक्यांचे अर्थ सरकू दिले नाहीत, आणि आपला शब्द कोठे संपतो व परका कोठे सुरू होतो हे ओळीवरच दिसू लागले. दोन आडव्या रेघा लिहिण्याचा कंटाळा येतो, अशी तक्रार करता येईल; पण 'सेट जी=४' समोर ठेवले की ती टिकत नाही.

यंत्रांसाठी असलेल्या 'जीडीबी-एमआय' या जोडभाषेत हा प्रश्न पूर्वीच सोडवला गेला होता. तेथे प्रत्येक आज्ञा जोडरेघेने सुरू होते, तिची नावे पूर्ण व ठरीव असतात, आणि उत्तर यशाचे की चुकीचे हे आरंभीच्या खुणेवरून कळते. दुसरी आज्ञावली डीबगरशी बोलणार असेल तर तिला निःसंदिग्ध भाषा द्यावी लागते, हे रचनाकारांनी ओळखले. माणसासाठी मात्र जुनी बोली ठेवली गेली, कारण माणूस चूक सावरून घेतो असे गृहीत धरले होते. चूक दिसली तर तो सावरतो; 'सेट जी=४' मध्ये ती दिसतच नव्हती.

वापरणाऱ्यांनी स्वतः घडवलेल्या आज्ञांचा प्रांत अजून मागे आहे. 'डिफाइन'ने नवी आज्ञा रचण्याची सोय जुनी आहे, आणि २०२० मधील १०.१ या आवृत्तीपासून 'डिफाइन-प्रिफिक्स' या आज्ञेने वापरणाऱ्याला स्वतःची मुख्य आज्ञा व तिच्याखालील उपआज्ञांची शाखाही लावता येते. त्यामुळे आपल्या प्रकल्पासाठी कोणी स्वतःचा 'इन्फो' उभारू शकतो, आणि त्याच्या उपआज्ञांनाही वृक्षाचे नियम लागू होतात. त्या आज्ञांना मिळणारी आर्ग्युमेंट मात्र मोकळ्या जागेवर तुटलेले मजकुराचे तुकडे असतात आणि आज्ञेच्या शब्दांत जसेच्या तसे भरले जातात. 'अ + ब' असे सूत्र मोकळी जागा सोडून दिले की त्याची तीन आर्ग्युमेंट होतात. सूत्र एकसंध पोहोचावयाचे असेल तर 'अ+ब' असे चिकटवून लिहावे लागते, आणि त्याविषयी आज्ञा देताना कोणतीही सूचना मिळत नाही.